यंत्रचळ

आमच्या घरी स्मार्ट टीव्ही आला, आणि त्याच्यासोबत दोन रिमोट. बाबा तासन्‌तास बटणं दाबत बसायचे. एक दाबलं की भलतंच उघडायचं. "आता डोकंच चालत नाही," असं पुटपुटायचे. पण रिमोट काही सोडायचे नाहीत. चाळीस वर्षं चोख हिशेब लिहिलेल्या माणसाचं ते बोलणं मला लागायचं.

एकदा आई म्हणाली, "यांना यंत्रचळ लागलाय!" 'मंत्रचळ' म्हणजे तीच ती कृती पुन्हा पुन्हा करण्याचं वेड. आईने फक्त एक अक्षर बदललं. बाबा खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी मी तो शब्द सातवीच्या फळ्यावर लिहिला. मुलांनी लगेच भर घातली: 'विषबाधा'वरून 'बटणबाधा', 'लाचखोर'वरून 'चार्जरखोर'. 'खोर' हा प्रत्यय फारसीतला, अर्थ 'खाणारा', हेही त्यातच शिकवून झालं.

मुलांनो, नवा शब्द जुन्या शब्दाचं बोट धरून आला की लगेच कळतो. आणि कधी कधी तो मनावरचं ओझंही उतरवतो. आता बाबा अडले की हाक मारतात, "अगं, यंत्रचळ उठलाय, ये जरा!"

पूर्वी ते कुणालाच हाक मारत नसत.