टाकीत पाणी कोण भरणार?

गेल्या वर्षी आमच्या घरी संडास बांधायचे ठरले. थोरला म्हणाला, "आई, शहरासारखा टाकीचा बसवू. कळ दाबली की झाले!"

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "अन् त्या टाकीत पाणी कोण भरणार रे?"

सगळे गप्प. घरात सहा माणसे. उन्हाळ्यात नळ आटला की विहिरीवरून पाणी आणायचे ते मी आणि सुनेने. जुन्या धर्तीच्या टाकीतून एका वेळी दहा लिटर तरी पाणी जाते. प्रत्येकाचे एकदाच धरले तरी साठ लिटर, म्हणजे चार हंडे!

गवंड्याने तोड काढली. जास्त उताराचे भांडे बसवले. त्याच्या कोंबड्यात जेमतेम २० मिलिमीटर पाणी उभे राहते. तेवढ्याने वास अडतो, माशी अडते आणि दीड-दोन लिटर पाण्यात भांडे स्वच्छ होते. आता सगळ्यांचे मिळून हंडाभरही पाणी लागत नाही.

विहिरीपासून लांब दोन शोषखड्डे घेतले. एक भरला की तो बंद करून दुसरा चालू करायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचे दोन वर्षांत सोनखत होते. सासूबाईंनी ते आत्ताच आपल्या लिंबोणीला सांगून ठेवले आहे!

सून दोन जिवांची आहे. पोटात कळ आली तरी पूर्वी तिला अंधार पडायची वाट पाहावी लागे. आता नाही.

बायांनो, संडास जरूर बांधा. पण भांडे निवडताना पाणी वाहणारीला आधी विचारा.