धुराखाली मागितलेला पाऊस

पाऊस लांबला की मराठवाड्यातली गावं आपापल्या परीनं आभाळाकडे हात पसरतात. कुणी महादेवाची पिंड पाण्यात ठेवतं, पोरं कडुलिंबाचा पाला अंगाला बांधून दारोदार धोंडी मागत फिरतात आणि ईदगाहच्या मैदानावर इस्तिस्काची नमाज होते. इस्तिस्का म्हणजे पाणी मागणं. जे वाचक मुस्लिम नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही नमाज शक्यतो उघड्या मैदानावर होते. नवे कपडे घालायचे नाहीत, अत्तर लावायचं नाही, मान खाली घालून पायी जायचं. म्हातारीकोतारी, लेकरं आणि गुरंढोरंही सोबत न्यावीत, असं जुनी माणसं सांगतात. इमाम आपली चादर उलटी पांघरतात. जणू म्हणायचं असतं, अल्लाह, आमची अवस्था अशीच पालट.

२०१५ साली आमच्या लातूर जिल्ह्यात ही नमाज बऱ्याच गावांत झाली. मीही उभा होतो. त्या वर्षी मराठवाड्यात सरासरीपेक्षा चाळीस टक्के कमी पाऊस पडला आणि पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. ते दिवस आमच्यापैकी कुणी विसरलेलं नाही.

आमच्यासारखेच आणखी लाखो लोक त्याच हंगामात हीच नमाज पढत होते, हे मला नंतर कळलं. ते होते हजारो किलोमीटर दूर, इंडोनेशियाच्या सुमात्रा आणि कालिमांतान बेटांवर. आम्हां दोघांचं संकट एकाच घरातून आलं होतं. प्रशांत महासागराचं पाणी काही वर्षांनी मध्य आणि पूर्व भागात नेहमीपेक्षा जास्त तापतं. यालाच एल निनो म्हणतात. गरम पाणी पूर्वेकडे सरकलं की पावसाचे ढगही त्याच्या मागे जातात. इंडोनेशिया कोरडा पडतो आणि आपला मान्सूनही बहुतेक वेळा अशक्त होतो. २०१५ च्या मान्सूनमध्ये देशभरात सरासरीच्या फक्त ८६ टक्के पाऊस झाला, त्याचं मोठं कारण हेच.

फरक एवढाच होता की आमचं आभाळ रिकामं असलं तरी दिसत होतं. त्यांना आभाळच दिसत नव्हतं.

काही वर्षांनी उमराहला गेलो, तेव्हा मदिनेत मस्जिद-ए-नबवीच्या अंगणात एक इंडोनेशियन जोडपं शेजारी बसलं होतं. ते गृहस्थ मध्य कालिमांतानातल्या पलांगकाराया शहराजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून आमचं बोलणं जमलं. २०१५ च्या ऑक्टोबरबद्दल ते सांगत होते. भर दुपारी आभाळ हळदीसारखं पिवळं. गाड्यांचे दिवे दिवसाही चालू. शाळा बंद. नमाजेच्या रांगेत एकाला खोकला सुटला की पूर्ण रांग खोकायची. "आमच्याकडे जमीन जळते," ते म्हणाले. मी पुन्हा विचारलं, झाडं का? त्यांनी खालच्या संगमरवराकडे बोट दाखवलं. झाडं नव्हे, जमीन. पाणी ओतलं की वाफ निघते आणि दहा पावलांवर दुसरीकडून धूर येतो.

जमीन कशी जळते, हे समजून घ्यायला मला बरंच वाचावं लागलं. सुमात्रा आणि कालिमांतानच्या सखल भागात हजारो वर्षांपासून दलदलीची जंगलं आहेत. तिथे झाडाचं पान, फांदी, खोड पाण्यात पडतं आणि हवा न मिळाल्यामुळे पुरतं कुजत नाही. असा अर्धवट कुजलेला पालापाचोळा थरावर थर साठत जातो. त्याला पीट म्हणतात. काही ठिकाणी हा थर दहा मीटरहून खोल आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या विहिरीएवढा. ओला असेपर्यंत तो पेट घेत नाही. वाळला की मात्र तो जमिनीखाली पसरलेला कोळशाचा ढीगच. ज्वाळा दिसत नाहीत, आग आतल्या आत आठवडेच्या आठवडे धुमसते.

आणि तो वाळला माणसामुळे. १९९५ मध्ये सुहार्तो सरकारनं मध्य कालिमांतानातल्या दहा लाख हेक्टर दलदलीत भातशेती करायचं ठरवलं. जंगल तोडलं आणि पाणी काढून देण्यासाठी ४,००० किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले. भात काही पिकला नाही. दोनतीन वर्षांत योजना गुंडाळली गेली, पण कालवे राहिले आणि पाणी वाहून जात राहिलं. १९९७ मध्ये मोठा एल निनो आला आणि हा सगळा पट्टा पेटला. जमीन साफ करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे काडी लावणं. ती कधी लहान शेतकरी लावतो, कधी पामतेलाच्या किंवा कागदाच्या लगद्याच्या मळ्यासाठी लावली जाते, कधी जमीन बळकावण्यासाठी. त्या वर्षीच्या २६ सप्टेंबरला उत्तर सुमात्रातल्या मेदान शहराजवळ, धुरानं झाकोळलेल्या डोंगराळ भागात, गरुडा कंपनीचं विमान कोसळलं. त्यात २३४ माणसं गेली.

२०१५ मध्ये पुन्हा तेच झालं. जागतिक बँकेच्या हिशेबानं २६ लाख हेक्टर जमीन जळली आणि इंडोनेशियाचं १६ अब्ज डॉलरचं नुकसान झालं. हवेच्या प्रदूषणाचा जो निर्देशांक ३०० च्या वर गेला की धोकादायक समजतात, तो पलांगकारायात २,००० च्या जवळ पोचला. श्वासाच्या विकारांनी पाच लाखांवर लोक आजारी पडले. सरकारी आकड्यांनुसार मेले जेमतेम वीस. पण हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांच्या संशोधकांनी पुढच्या वर्षी काढलेला अंदाज एक लाखाचा होता, इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर मिळून. धुरानं मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर धूर लिहिलेला नसतो. हृदयविकार, दमा, न्यूमोनिया असं काहीतरी लिहिलेलं असतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे लोक पावसाची नमाज पढत होते, कारण आग विझवायला पाऊस हाच एक उपाय उरला होता. आणि त्यांच्या डोक्यावर जो धूर होता, तोच पावसाच्या आड येणारा होता.

ही माझी कल्पना नाही. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिका आणि जपान यांनी मिळून उष्ण कटिबंधातला पाऊस मोजणारा एक उपग्रह सोडला. पुढच्या वर्षी कालिमांतान पुन्हा जळत असताना त्या उपग्रहानं खालचे ढग टिपले. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले डॅनियल रोझेनफेल्ड यांनी ती निरीक्षणं तपासली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. शेजारीशेजारी असलेल्या ढगांपैकी स्वच्छ हवेतले ढग पाऊस पाडत होते आणि धुरात सापडलेले ढग कोरडेच राहिले होते.

यामागचं कारण घरातल्या उदाहरणानं समजतं. ढगातला प्रत्येक बारीक थेंब कुठल्यातरी कणाभोवती तयार होतो. हवेत धूळ, मीठ, परागकण थोडे असतात, तेव्हा वाफ त्यांच्यात वाटली जाते आणि थेंब बऱ्यापैकी मोठे होतात. ते एकमेकांवर आदळतात, मिसळतात, जड होतात आणि खाली पडतात. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले साधारण दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. धुरामुळे हवेत कणांची नुसती गर्दी होते. दूध तेवढंच आणि पाहुणे शंभर आले तर प्रत्येकाच्या वाट्याला घोटभरच चहा येणार. तसंच इथे होतं. असंख्य थेंब, पण सगळे इतके बारीक की ते एकमेकांत मिसळत नाहीत, हवेत तरंगत राहतात आणि पुन्हा वाफ होऊन जातात. शिवाय धूर ऊन अडवतो. जमीन तापत नाही, बाष्प वर उचललं जात नाही आणि नवे ढग बांधायला लागणारी ताकदच कमी पडते.

इथे सावध राहायला हवं. दुष्काळ धुरानं आणला नव्हता, तो एल निनोनं आणला होता. धुरानं त्यात भर घातली. जगात सगळीकडे धुरानं पाऊस थांबतो असंही नाही. ॲमेझॉनच्या जंगलावर असं दिसलं की धुरातल्या ढगांचा पाऊस लांबतो, ते अधिक उंच जातात आणि मग गारा आणि विजांसह कोसळतात. म्हणजे पाऊस एक तर येत नाही, किंवा येतो तो रागानं येतो.

धूर उन्हाला अडवतो, मग पृथ्वी थंड होत असेल, असं एका मित्रानं मला विचारलं होतं. जिथे धूर आहे तिथली जमीन तेवढ्या दिवसांपुरती थंड राहते, हे खरं आहे. पण एक चांगला पाऊस आला की धूर धुतला जातो. २०१५ च्या ऑक्टोबरअखेरीस पाऊस आला आणि काही दिवसांत आभाळ निळं झालं. आगीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड मात्र पावसानं धुतला जात नाही. तो शेकडो वर्षं वातावरणात राहतो. साधं जंगल जळलं आणि परत वाढू दिलं, तर तो कार्बन काही दशकांत झाडं परत घेतात. पीटमधला कार्बन साठायला हजारो वर्षं लागली आहेत. तो आपल्या नातवंडांच्या नातवंडांच्या हयातीतही परत जमिनीत जाणार नाही.

त्याचा हिशेब मोठा आहे. १९९७ च्या इंडोनेशियातल्या आगींतून ८१ कोटी ते २५७ कोटी टन कार्बन बाहेर पडला असावा, असा अंदाज २००२ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आला. जगभर कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला जेवढा कार्बन निघत होता त्याच्या १३ ते ४० टक्के, आणि तोही एका देशातल्या काही महिन्यांच्या आगीतून. २०१५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या आगींतून दररोज निघणारा कार्बन डायऑक्साइड सगळ्या युरोपीय संघाच्या इंधनातून निघणाऱ्यापेक्षा जास्त होता.

जळलेलं जंगलही पहिल्यासारखं परत येत नाही. या झाडांची मुळं पीटच्याच थरात असतात. खालची जमीन जळून गेली की उभी झाडं आडवी होतात. मोकळ्या जागेत नेचे आणि गवत माजतं, ते उन्हाळ्यात वाळतं आणि पुढच्या काडीची वाट पाहतं. १९९७ मध्ये जळालेल्या पट्ट्यात २०१५ मध्ये पुन्हा आग लागली ती अशी. जमीन खचत जाते, त्यामुळे पावसाळ्यात तिथेच पूर येतो. एकदा लावलेली आग स्वतःच पुढच्या आगीची सोय करून ठेवते.

या सगळ्यावर तिथल्या उलेमांनी काय केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. २०१६ मध्ये मजलिस उलेमा इंडोनेशिया या संस्थेनं एक फतवा काढला. नुकसान, प्रदूषण किंवा दुसऱ्याला इजा होईल अशा रीतीनं जंगल आणि जमीन जाळणं हराम आहे, असं त्यात म्हटलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. अशा जाळण्याला मदत करणं, ते होऊ देणं आणि त्यातून नफा घेणं हेही हराम ठरवलं. फतव्यानं आग थांबली नाही. २०१९ मध्ये पुन्हा सोळा लाख हेक्टर जळाले आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी पेकनबारूमध्ये इस्तिस्काची नमाज अदा केली. तरीही "होऊ देणं" आणि "नफा घेणं" हे शब्द माझ्या मनातून जात नाहीत, कारण ते माझ्या घरापर्यंत येतात.

जगात सर्वात जास्त पामतेल आयात करणारा देश आपला आहे, आणि त्यातलं बरंचसं इंडोनेशियातून येतं. फरसाण, बिस्किटं, साबण, हॉटेलातली भजी, सगळ्यांत ते आहे. २०२२ च्या २८ एप्रिलला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात काही आठवड्यांसाठी थांबवली. रमजानचे शेवटचे रोजे चालू होते. इफ्तारच्या समोशापर्यंत त्या बंदीची झळ आली, तेव्हा ते तेल कुठून येतं याची आमच्या मोहल्ल्यात पहिल्यांदा चर्चा झाली. सगळं पामतेल जळलेल्या जंगलातून येतं असं मी म्हणत नाही. पण स्वस्त तेलाच्या किमतीत तिथल्या लेकरांचा खोकला धरलेला नसतो, हे विसरून चालणार नाही.

इस्तिस्काबद्दल फिकहच्या पुस्तकांत एक गोष्ट आवर्जून सांगितलेली आहे, आणि आमच्याकडचे मौलानाही ती सांगतात. मैदानाकडे निघण्याआधी तौबा करा, ज्याचा हक्क मारला असेल त्याला तो परत द्या, जुलूम थांबवा, मग पाऊस मागा. कालिमांतानातल्या त्या शिक्षकांसारखी जी माणसं नमाजेला उभी होती, त्यांतल्या बहुतेकांनी काडी लावली नव्हती. ज्यांनी लावली, ते त्या रांगेत नव्हते. धुरानं मात्र हा भेद केला नाही.

२०१५ नंतर तिथल्या सरकारनं पीटजमीन सावरण्यासाठी खास संस्था उभी केली. तिचं मुख्य काम काय, तर जुने कालवे ठिकठिकाणी बुजवणं, लाकडाचे आणि वाळूच्या पोत्यांचे बांध घालून पाणी जमिनीत परत मुरवणं. वाचताना मला हसू आलं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे वाक्य आमच्या तालुक्यातल्या किती भिंतींवर रंगवलेलं आहे! आम्ही तहानेसाठी पाणी जिरवतो, ते आग लागू नये म्हणून.

ऊस तुटला की आमच्या शिवारात पाचट पेटतं. त्याचा धूर कालिमांतानच्या धुरापुढे काहीच नाही, आणि आमची काळी माती जळत नाही. पण जमिनीचा जीव असलेला पाला आणि त्यातले जीवजंतू जळतातच, आणि शेजारच्या वस्तीतली म्हातारी खोकतेच. धाकट्या भावाशी यावरून माझी दरवर्षी हुज्जत होते. "भाईजान, पाचट सरीत दाबायला मजूर कोण देणार? तुमची पुस्तकं?" असं तो विचारतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. काडी फुकट असते, मजुरी नसते, आणि कालिमांतानातही गोष्ट तिथूनच सुरू झाली होती. यंदा आम्ही निम्मी मजुरी मी द्यायची असं ठरवलंय. अर्ध्या एकरातलं पाचट जाळायचं नाही, तिथेच कुजू द्यायचं. बाकीच्या दीड एकराचं पुढच्या वर्षी बघू.