परतीची तार

बाबांच्या पश्चात वाडीच्या घरात ज्या वस्तू उरल्या, त्यांत 1976 सालची एक येझ्दी होती. आयुध निर्माणीतल्या नोकरीच्या काळात त्यांनी ती पंचवीसेक वर्षे चालवली आणि मग जिन्याखाली पोते पांघरून उभी केली. पुण्याच्या दादाने ती विकायचे ठरवले. जुन्या गाड्या जमवणारा एक गृहस्थ चांगली किंमत द्यायला तयार होता. त्याची अट एकच होती : गाडी 'ओरिजिनल' हवी, आणि वायरिंग तर कारखान्यातून निघाले तसेच हवे. मी नागपुरातच असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले.

'मूळ' या शब्दाशी माझा संबंध पोटापाण्याचा आहे. एम.ए.च्या वर्गाला मी पाठचिकित्सा शिकवते. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, इथपासून हा विषय सुरू होतो. अनेक हातांतून गेलेल्या संहितेतून आधीची संहिता कशी ओळखायची, हे फळ्यावर सोपे वाटते. तेच काम तांब्याच्या तारांवर करायची वेळ येईल असे मात्र कधी वाटले नव्हते.

अमरावती रस्त्यावर ट्रकांच्या वायरिंगची कामे करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. दुचाकीचे काम त्यांनी सोडले होते, पण येझ्दीचे नाव ऐकून ते घरी आले. टाकी आणि सीट उतरवल्यावर आतला गुंता दिसला. रंग उडालेल्या, कडक झालेल्या जुन्या तारा, आणि त्यांच्यावर वेगवेगळ्या काळांतल्या टेपचे थर. मिस्त्रींनी दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवल्या. सीटखाली दडवलेला एक छोटा स्विच, आणि हेडलाइटपासून थेट बॅटरीपर्यंत नेलेली एक जाड काळी तार. दोन्हींचा कंपनीच्या आकृतीत पत्ता नव्हता. दोन्हींचे सांधे नीट झाळलेले होते.

"मॅडम, ज्यानं बी हे केलं, त्याले काम येत होतं," ते म्हणाले.

स्विच मला ठाऊक होता. आम्ही त्याला 'चोरस्विच' म्हणत असू. या गाड्यांची किल्ली इतकी साधी की एकीची दुसरीला लागे, असे तेव्हाचे चालक सांगत. म्हणून बाबांनी इग्निशन कॉइलकडे जाणारी तार मध्येच तोडून तिथे हा स्विच बसवला होता. तो बंद असला की कितीही किका मारा, ठिणगी पडत नसे. त्याची जागा घरातल्या चौघांनाच माहीत होती. काळ्या तारेचा अर्थ मात्र मला लागला नाही.

मी वहीत एक तक्ता केला : कोणती तार कुठून कुठे जाते, आकृतीत आहे की नंतरची आहे. हस्तलिखितांचे पाठ जुळवावेत तसेच हे काम होते. ते करताना 'मूळ' शब्द थोडा डळमळलाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1961 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाडीवरून गाड्या बांधल्या, 1973 पासून त्यांना येझ्दी हे नाव दिले आणि 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. म्हणजे आमच्या गाडीची 'मूळ' संहिता हीच एका परदेशी संहितेची देशी प्रत होती. असो. गिऱ्हाइकाला म्हैसूरची प्रत हवी होती आणि आम्ही ती सिद्ध करायला बसलो.

हल्ली अशा गाड्या बहुधा 12 व्होल्टवर नेतात. आमची 6 व्होल्टचीच ठेवायची होती. 6 व्होल्टवर 35 वॅटचा दिवा सुमारे 6 अँपिअर प्रवाह ओढतो. 12 व्होल्टवर त्याच्या निम्म्यात भागते. एखाद्या खराब सांध्यात अर्धा व्होल्ट वाया गेला तर इथे बारावा हिस्सा गेला. म्हणून तार जाड हवी आणि सांधा स्वच्छ. मिस्त्रींनी आकृतीप्रमाणे नवा हार्नेस विणला, थिंबल दाबून वर डाग दिले. दरम्यान सांगाडा रंगवून आला होता. चोरस्विच आणि काळी तार मी बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

सगळे जोडून झाल्यावर इग्निशन चालू केले. बॅटरी चार्ज होत नसेल तेव्हा लागणारा लाल दिवा नीट तांबडा व्हायचा, तो विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसला. हेडलाइट पिवळट, हॉर्न घोगरा. आकृतीशी सारे तंतोतंत जुळत होते आणि गाडी बोलत नव्हती.

मिस्त्रींना कारण शोधायला फार वेळ लागला नाही. मोटरसायकलीत वीज तारेने जाते, पण परत येते ती गाडीच्या लोखंडातून. आमच्या सांगाड्यावर नव्या रंगाचा जाड थर होता. अर्थिंगची तार त्या थरावर बोल्टने आवळली होती आणि रंगातून वीज जात नाही. त्यांनी बोल्ट काढला, पातीने रुपयाएवढी जागा खरवडून धातू उघडा केला आणि तार पुन्हा आवळली. हेडलाइटच्या बाजूलाही तसेच केले. दिवा लख्ख झाला.

तेव्हा काळ्या तारेचा उलगडा झाला. ती परतीची तार होती. लोखंडातून वाट मिळेना म्हणून कोणीतरी विजेला परत यायला स्वतंत्र वाट करून दिली होती. आईला विचारले. ती म्हणाली, "आत्याच्या लग्नाआधी ह्यांनी अंगणात बसून तीन दिवस गाडी रंगवली होती. कोणाला हात लावू दिला नाही." नंतर दिवा मंदावला असणार. आपणच दिलेला रंग खरवडण्यापेक्षा त्यांनी एक तार जास्तीची ओढली.

जिला मी नंतरची भर म्हणून वगळले, तिच्यात बाबांचे ते तीन दिवस होते.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये आरंभले आणि ते 1966 मध्ये पुरे झाले. 1925 पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुखठणकरांनी 1933 मध्ये आदिपर्व सिद्ध केले, तेव्हा व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची कथाही मुख्य संहितेबाहेर गेली. पण ती फेकून दिली नाही. वगळलेले सारे तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. संपादकाने निवड करावी, पण पुरावा नष्ट करू नये. हे मी वर्षानुवर्षे सांगत आले. एखादा श्लोक नंतर कोणी, कोणत्या अडचणीपोटी घातला असेल, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच विचारला. 'प्रक्षिप्त' म्हटले की काम संपले, असेच मी शिकवत होते.

दिवाळीत दादा आला. गाडी पाहून खूश झाला. तिच्यावर बसला आणि सवयीने त्याचा हात सीटखाली गेला. बोटे थोडा वेळ तिथेच चाचपडत राहिली.

"काढलास?"

मी डबा आणून दिला. त्याने तार हातात घेतली, स्विच दोनदा खटखट करून पाहिला, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मिस्त्रींना बोलाव."

तार आम्ही परत घातली नाही. खरवडलेल्या जागांतून वीज आता नीट परत येते. ज्या अडचणीसाठी ती होती ती अडचण उरलेली नाही. ती तक्त्याच्या वहीसोबत डब्यात आहे. स्विच मात्र पूर्वीच्या जागी बसला. अट मोडल्याचे मी त्या गृहस्थांना कळवले. त्यांनी सौजन्याने नकार दिला.

गाडी सध्या वाडीतच आहे. रविवारी मी ती सुरू करते. किक मारण्याआधी हात सीटखाली जातो.