बाबांची रिंगटोन

माझा मोबाइल कायम सायलेंटवर असतो. तुमचाही असेलच! मीटिंग, मेट्रो, डेडलाइन... आधी मेसेज न टाकता कुणी थेट फोन केला, की आपण दचकतो. काय झालं असेल?

घरचा फोन तेवढा ठरलेला. दर रविवारी साताऱ्याहून आई लावते आणि शेवटी बाबांच्या हातात देते. ‘जेवलीस का?’ ‘हो.’ ‘पाऊस?’ ‘आहे.’ ‘बरं, ठेवतो.’ टोटल टाइम वीस सेकंद.

गंमत म्हणजे या माणसाने अख्खी नोकरी टेलिफोनमध्ये केली. १९८५ला चिकटले, ते ३१ जानेवारी २०२०ला व्हीआरएस घेऊन बाहेर पडले. त्या एका दिवसात देशभरातले बीएसएनएलचे ७८ हजारांहून जास्त लोक घरी गेले. आमच्या घरी त्यातला एक आला आणि हळूहळू बोलायचाच बंद झाला. भांडण नाही, तक्रार नाही. पेपर, कुंड्या, आणि आवाज बंद करून बघितलेला टीव्ही.

लहानपणीचे बाबा असे नव्हते. शेजारच्या काकू ‘फोन खरखरतोय हो’ म्हणत यायच्या. बाबा जाऊन रिसीव्हर कानाला लावायचे आणि पाच सेकंदांत सांगायचे, ‘केबलमध्ये पाणी शिरलंय.’ नव्वद टक्के वेळा बरोबर! आमच्याकडे डायल-अप नेट आलं, तेव्हा मोडेमची ती किंचाळी ऐकून मी आईच्या मागे लपले होते. बाबा म्हणाले, ‘भांडत नाहीयेत ते, ओळख करून घेतायत.’ नेटला किती स्पीड मिळणार, हेही ते आवाजावरून ओळखायचे. (नेट चालू, की फोन एंगेज. मग आत्याची बोलणी.)

आणि लोडशेडिंग! अख्खी गल्ली अंधारात, पण फोन मात्र जिवंत. कारण त्याला वीज घरातून नाही, एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून मिळायची. मी अंधारात रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकत बसायचे. भीती पळून जायची. तारेच्या पलीकडे कुणीतरी जागं आहे असं वाटायचं, आणि ते खरंच होतं. बाबा नाइट ड्यूटीला असायचे ना!

तर गेल्या महिन्यात एका लेखासाठी मी यूट्यूबवर जुने आवाज शोधत होते. इंग्लंडमधल्या कुठल्याशा म्युझियममध्ये चालू ठेवलेल्या स्ट्राउजर एक्स्चेंजचा व्हिडिओ सापडला. आल्मन स्ट्राउजर हा अमेरिकेतला अंत्यसंस्कारांचा व्यवसाय करणारा माणूस. ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते, असा त्याला संशय होता असं सांगतात. म्हणून त्याने ऑपरेटरच नको, असं यंत्र काढलं. पेटंट १८९१चं. संशयी माणसं काय काय करतात! मला तो आवाज पत्र्यावर गारा पडल्यासारखा वाटला. सहज बाबांना पाठवला.

दहा मिनिटांत फोन. स्क्रीनवर ‘बाबा’. आई नाही, बाबा! काळजात धस्स.

‘कुठलं एक्स्चेंज हे?’

‘इंग्लंडमधलं. का?’

‘त्यातला एक सिलेक्टर चढताना अडखळतोय. सुरुवातीलाच बघ. आम्ही असतो तर लगेच काढून साफ केला असता.’

मी परत ऐकलं. गाराच.

मग ते सुटलेच. डायल फिरवून सोडली, की परत येताना जितका आकडा तितके खटके. शून्याला दहा. तिकडे सिलेक्टर तितक्याच पायऱ्या चढतो, मग आडवा फिरून पुढची लाइन शोधतो. असे शेकडो एकदम. ‘दिवाळीला सकाळी हॉल नुसता तडतडायचा. रात्री गाव झोपलं, की एकेक खटका वेगळा ऐकू यायचा. दोन-अडीचला खटके सुरू झाले, की आम्ही एकमेकांकडे बघायचो. कुणाच्या तरी घरी काहीतरी झालेलं असायचं.’

हे त्यांनी मला अठ्ठावीस वर्षांत कधीच सांगितलं नव्हतं.

‘आणि मग डिजिटल आलं?’

‘मग काय, पंख्यांची घरघर. पहिला आठवडाभर मला वाटायचं, एक्स्चेंज बंद पडलंय. सारखा उठून दिवे बघायचो.’

मी म्हटलं, ‘बाबा, आपली रिंग आठवते?’ त्यांनी तिकडे टेबलावर वाजवूनच दाखवली. ट्रिंग ट्रिंग... दोन सेकंद गप्प. ट्रिंग ट्रिंग... ‘पॉइंट चार सेकंद चालू, पॉइंट दोन बंद, पॉइंट चार चालू. मग दोन सेकंद गॅप. टोन चारशे सायकलचा.’ मी लिहून घेत होते, प्रश्न विचारत होते. मला वाटतं, मिनिटभर मी एकटीच बोलत होते. ‘बाबा? हॅलो?’ काहीच नाही. कॉल ड्रॉप.

फोन पुन्हा वाजला. मी सायलेंट काढून ठेवला होता.

‘अगं, कट झाला होता. कळलंसुद्धा नाही! एंगेज टोन तरी द्यायचा ना. पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. माणसाला कळतं तरी, की समोर कुणी नाही. बरं ते जाऊ दे. तर मी काय सांगत होतो?’