पुसण्याआधीची दहा मिनिटं

आमच्या जिल्ह्यात टॅब आला तो मुख्यतः अभ्यासाच्या निमित्ताने. करोनात शाळा बंद पडल्या, तेव्हा ज्यांना झेपलं त्यांनी हप्त्यावर घेतला. नागपूरच्या ‘महाज्योती’ने ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब दिले, सोबत रोजचा ६ जीबी डेटा. घाटंजी, आर्णी, राळेगाव, झरी-जामणीकडच्या कित्येक घरांत कॉम्प्युटर म्हणावा असा हा पहिलाच. त्यात मुलीच्या नोट्स असतात, बापाचा सातबारा असतो, आजीचा शेवटचा फोटोही असतो. यवतमाळच्या दुकानात तो माझ्यासमोर येतो तेव्हा बहुतेकदा एकच मागणी असते : ‘भाऊ, फॉरमॅट मारून द्या.’

फॉरमॅट मारणं सोपं आहे. सेटिंगमध्ये जाऊन चार वेळा बोट लावलं की झालं. टॅब सुरूच होत नसेल तर बटणं दाबून रिकव्हरीत शिरायचं आणि तिथून पुसायचं. हे व्हिडिओ पाहून कोणालाही जमतं. माझ्या मते आमच्या कामाचं खरं कसब त्याच्या आधी लागतं. यंत्र कोणाचं, आत काय आहे, त्यातलं काय दुसरीकडे ठेवलेलं आहे, हे विचारण्यात. आणि हे विचारणं आज पूर्वीपेक्षा फार जास्त गरजेचं झालंय, त्याला कारण आहे.

जुन्या अँड्रॉइडमध्ये रिसेट केल्यावर माहिती खरोखर पुसली जाईलच याची खात्री नसे. बऱ्याचदा ती कुठे आहे याची नोंद तेवढी मिटायची, मूळ मजकूर मेमरीत तसाच पडून राहायचा. केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २०१५ मध्ये पाच कंपन्यांचे २१ जुने फोन तपासले. रिसेट केल्यानंतरही त्यांना मेसेज, फोटो आणि गूगल खात्यात शिरण्याची चिठ्ठीसुद्धा परत मिळवता आली. अशी ५० कोटी यंत्रं वापरात असावीत, असा त्यांचा अंदाज होता. जुना फोन विकणाऱ्यासाठी ही धोक्याची गोष्ट होती. पण त्याच ढिलाईमुळे चुकून पुसलेलं लग्नाचं फोटोफोल्डर कधी कधी परतही मिळायचं.

आता तसं होत नाही. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ नंतर, त्या आवृत्तीसह येणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्रात माहिती कूटबद्ध करून साठवणं सक्तीचं आहे. आयपॅडमध्ये ही व्यवस्था त्याही आधीपासून आहे. रिसेट करताना यंत्र कूट उलगडणारी किल्लीच नष्ट करतं. कोठी धान्याने भरलेली तशीच असते, पण तिचं कुलूप उघडणारी किल्ली जगात कुठेच उरलेली नसते. यामुळे विकलेल्या टॅबमधून कोणी तुमचं खासगी आयुष्य उपसून काढण्याची भीती जवळजवळ संपली. आणि त्याच क्षणी चुकीला माफीही संपली. पूर्वी ‘पाहू, निघतं का’ म्हणता यायचं. आता बटण दाबलं की माझ्या हातात काही उरत नाही, पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबच्याही हातात बहुधा काही उरत नाही.

म्हणून टॅब लोगोवर अडकून आला तर मी थेट पुसायला घेत नाही. घाटंजीकडचे एक गृहस्थ मुलीचा टॅब घेऊन आले होते. परीक्षा तोंडावर होती. बापाने विचारलं, ‘यातल्या नोट्स जातीन का?’ मुलगी काही बोलत नव्हती, नुसती माझ्या हाताकडे पाहत होती. आधी कॅश तेवढी साफ केली, काही फरक पडला नाही. मग मूळ सॉफ्टवेअर नव्याने लिहिणं आलं. बंद पडलेल्या टॅबमधून माहिती आधी काढून घेता येत नाही, कारण टॅब पूर्ण सुरू होऊन मालकाने पिन टाकल्याशिवाय कूट उलगडतच नाही. सॅमसंगच्या टॅबमध्ये अशा वेळी एक वाट असते. त्याच्या सॉफ्टवेअरसोबत दोन फाइली येतात : सीएससी आणि होम सीएससी. पहिली लावली की सगळं साफ. दुसरी लावली तर सिस्टिम नवी होते आणि वापरणाऱ्याची माहिती बहुधा जागेवर राहते. नावात एका शब्दाचा फरक आणि परिणामात जमीन-अस्मानाचा.

पण त्याआधी मॉडेल पाहायचं. टॅब ए-सेव्हन लाइट बाहेरून सारखेच दिसतात. वायफायवाला टी-२२०, सिमवाला टी-२२५. एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याला चालत नाही. मग आवृत्तीच्या क्रमांकातलं शेवटून पाचवं अक्षर पाहायचं. ती बूटलोडरची, म्हणजे यंत्र सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रामची, पायरी. टॅब ज्या पायरीवर आहे तिच्या खालची आवृत्ती तो घेत नाही. चार्जिंग निम्म्याच्या वर हवं, केबल घट्ट बसणारी हवी. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारची वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून हे काम मी भरलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपवरच करतो. लिहिणं सुरू असताना टॅबला हात लावायचा नाही, पट्टी कितीही वेळ थांबलेली दिसली तरी.

त्या मुलीचा टॅब सुरू झाला, नोट्स शाबूत होत्या. दर वेळी असं होत नाही. मेमरीची चिपच खराब असेल तर कोणतीही फाइल उपयोगी पडत नाही, आणि ते काम सुरू करण्याआधीच सांगितलं पाहिजे. गिऱ्हाइकाला खोटी आशा देऊन पुसणं हा मी अपराध मानतो.

दुसरा प्रश्न मालकीचा. अँड्रॉइड ५.१ पासून असं आहे की रिकव्हरीतून रिसेट केलेलं यंत्र आधीचंच गूगल खातं किंवा स्क्रीनलॉक मागतं. आयपॅडमध्ये तसंच कुलूप २०१३ मध्ये आलं. संस्थांनी दिलेल्या टॅबमध्ये याहून पक्कं असतं : यंत्राचा क्रमांक संस्थेच्या सर्व्हरवर नोंदलेला असतो, त्यामुळे कितीही वेळा पुसा, इंटरनेट लागलं की बंधनं परत येतात. ‘एवढं लॉक काढून द्या ना जी,’ असं आईबाप कळकळीने म्हणतात. मी काढत नाही. संस्थेकडे अर्ज करा, पत्र घ्या, ते मोकळं करतील, असं सांगतो आणि अर्ज लिहायला मदतही करतो. बिलाशिवाय, मूळ खात्याशिवाय आलेल्या टॅबचंही तेच. ही कुलपं चोरीचा माल बिनकामाचा करण्यासाठी आहेत. आम्हीच ती तोडायला बसलो तर उद्या तुमचा चोरीला गेलेला टॅब कोणत्या तरी दुकानात धुऊन-पुसून विकायला ठेवलेला असेल. आयएमईआय, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, बदलून देणं तर सरळ गुन्हाच आहे. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

टॅब विकायचा असेल तर क्रम पाळा. फोटो आणि फाइली दुसरीकडे ठेवा आणि तिथे त्या उघडून पाहा. कॉपी झाल्या असं दिसणं पुरेसं नाही. व्हॉट्सअॅपचा बॅकअप वेगळा घ्या. मेमरी कार्ड आणि सिम काढून घ्या, कारण कार्डावरचं रिसेटमध्ये आपोआप पुसलं जात नाही. मग गूगल खातं आणि कंपनीचं खातं, दोन्ही काढा, आणि सेटिंगमधूनच रिसेट करा. नव्या मालकासमोर टॅब सुरू करून पहिला पडदा दाखवा. कोणाचंही जुनं खातं विचारत नसेल तर व्यवहार स्वच्छ झाला.

आणि विकायचा नसला तरी वीजबिल भरता त्या दिवशी दर महिन्याला बॅकअप घ्या. माझ्याइतकाच हा तुमच्याही कामाचा भाग आहे, कारण पुसलेलं परत आणणारा कारागीर आता कुठेच नाही. ज्या दुकानात टॅब हातात घेताक्षणी फॉरमॅट मारतात तिथून तो परत घ्या. जिथे आधी विचारतात, लिहून घेतात आणि तुमच्याकडून ‘हो’ ऐकल्यावरच बटण दाबतात, तिथे दहा मिनिटं जास्त थांबा.