पंचनाम्याच्या आधीचा पैसा

आज ओढ्याकडच्या रानात चर काढताना ऑगस्ट 2019 आठवला. कृष्णेचं पाणी ओढ्यातनं उलटं आत शिरलेलं. नदी उतरली, पण ओढा गाळानं अन् झुडपांनी तुंबलेला, म्हणून उसात पाणी तसंच उभं. शेंडा बुडून राहिला की ऊस कुजतोच. पंचनामा झाला, मदत मिळाली. ओढा मात्र आजही तसाच.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दोन निधी आहेत. एक आपत्ती आल्यावर मदतीचा, दुसरा आधीच नुकसान कमी करायचा. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी शंभरातले 80 रुपये पहिल्याला अन् 20 दुसऱ्याला ठेवले.

आपण चौकशी करतो ती पहिल्याचीच. 33 टक्के नुकसान बसलं का, यादीत नाव आलं का. मीबी त्यातलाच. आता ओढ्याची लांबी अन् गाळ मोजून, फोटो जोडून ग्रामसभेत ठराव मांडणार, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडं पाठवायला. मंजुरीची खात्री नाही. पण न मागता तर नक्कीच मिळत नाही. तुमच्याकडं कुणी असं काम करून घेतलं असेल तर सांगा.