आष्ट्याचा डबा

सांगलीहून इस्लामपूरकडे निघालेली एस. टी. आयर्विन पूल ओलांडते, सांगलवाडी मागे टाकते आणि डिग्रज, तुंग करीत उसाच्या फडांमधून धावू लागते. असे वीस-बावीस किलोमीटर गेले, की आमचे आष्टा लागते. बहुतेक प्रवासी खिडकीतून डोकावून, "आष्टा का? अजून इस्लामपूर आहे म्हणायचं," असे म्हणून पुन्हा डुलक्या घेऊ लागतात. त्यांचे बरोबरच आहे. येथे किल्ला नाही, लेणी नाहीत, थंड हवाही नाही. पण गाव जुने आहे. नगरपालिकाच मुळी १८५३ सालची, म्हणजे सत्तावनच्या बंडाच्याही आधीची! गावाने जिल्हेही पुष्कळ पाहिले. पूर्वी आम्ही सातारा जिल्ह्यात होतो, १९४९ साली दक्षिण साताऱ्यात गेलो आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली झाले. गाव मात्र वीतभरही जागचे हलले नाही.

आष्ट्याचे खरे वैभव म्हणजे भावई. पावसाळ्याच्या तोंडाशी चौंडेश्वरीचा हा उत्सव होतो आणि मुंबई-पुण्याला पांगलेले आष्टेकरही त्यासाठी गावी येतात. भावईतली सोंगे पाहतच आम्ही मोठे झालो. सोंगामागचा माणूस आम्हां पोरांना पक्का ठाऊक असायचा. सकाळी याच्याच दुकानातून आपण गूळ आणला, हे कळत असूनही सोंग समोर आले, की छाती धडधडायची आणि हात आपोआप जोडले जायचे. सोंग उतरले, की तोच गृहस्थ कोपऱ्यावर चहा पीत बसलेला दिसायचा. त्याचे आम्हांला कधी नवल वाटले नाही. आधी माणूस ओळखीचा आणि मग त्याचे सोंग, असा आमचा शिरस्ता होता.

आणि सोंग घेण्याची विद्या तरी आमच्या मुलखाला कुठे नवी? अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले ते १८४३ साली, सांगलीत. 'शारदा' लिहिणारे देवल हरिपूरचे, म्हणजे सांगलीच्या अगदी वेशीवरचे. 'मानापमान'कार खाडिलकरही सांगलीचेच. आणि बालगंधर्वांचे नागठाणे तर याच कृष्णाकाठावर! १२ मार्च १९११ रोजी मुंबईला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. तरीही त्यांनी प्रयोग केला. आत बाप आणि बाहेर भामिनी! आमचे आजोबा ही हकीकत सांगू लागले, की घर चिडीचूप होऊन जाई.

तर अशा या गावात दूरदर्शनचा संच आला आणि आमच्या शिरस्त्याचा क्रमच उलटा झाला. आता सोंग आधी घरात शिरू लागले. माणसाचा पत्ता नाही. १९९० च्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. मराठीत एक कौटुंबिक मालिका लागायची. तिचे नाव येथे सांगत नाही आणि नटाचेही नाही, कारण या गोष्टीत त्याच्यापेक्षा आमची आजीच अधिक आहे. मालिकेत तो म्हाताऱ्या आजोबांचे काम करी. धोतर, काळी टोपी, पांढऱ्या मिशा. तो पडद्यावर आला, की आमचे आजोबा खुर्चीतून म्हणत, "हा लेकाचा माझीच टोपी घालून बसतो!" मला तो नट भारी आवडे. शाळेत त्याच्यासारखे खाकरून दाखवण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या श्रावणात आजोबा गेले. आजीने रडणे लवकर आवरले, पण स्वयंपाकघरात तिचे पाऊल पडेनासे झाले. आई वाढील ते दोन घास ती खाई. मालिका मात्र चुकवीत नसे. आणि दिवाळीनंतर एका आठवड्यात मालिकेतले आजोबाही वारले! भाग संपला. आजी उठली आणि तिने गार पाण्याने अंघोळ केली. बाबा म्हणाले, "आई, अगं नाटक आहे ते."

"असेना. माणूस डोळ्यांदेखत गेला, पाणी नको घ्यायला?"

पुढच्याच महिन्यात सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात एका नाटकाचा प्रयोग लागला. जाहिरातीत त्याच नटाचे नाव! काकांनी दोन तिकिटे काढली. निघायच्या दिवशी पहाटे आम्हांला जाग आली ती शेंगदाण्याचे कूट आणि मसाला यांच्या वासाने. आजी चुलीपुढे होती. कृष्णाकाठची वांगी, ज्वारीच्या भाकरी. तिने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "धडधाकट आहेत का बघून ये. आणि हे दे. आवडतात त्यांना."

वांगी आजोबांना आवडत. हे मला ठाऊक होते, काकांनाही होते. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

नाट्यगृहात मी पहिला अर्धा तास पांढऱ्या मिशाच शोधीत होतो. शेवटी काकांनी कोपराने ढोसले, "तो बघ. तो डॉक्टर. तोच." चाळिशीच्या आतला, ताठ पाठीचा, मिशी नसलेला माणूस! माझ्या पोटात गोळा आला. आता आजीला काय सांगायचे?

प्रयोग संपल्यावर आम्ही रंगपटात गेलो. आरशापुढे बसून तो खोबरेल लावून चेहऱ्यावरचा रंग पुसत होता.

"काय बाळ, सही हवी?"

"नाही. आजीनं डबा दिलाय."

मग मी एका दमात सगळे सांगून टाकले. टोपी, श्रावण, अंघोळ, वांगी. त्याचा हात थांबला. अर्धा चेहरा रंगलेला, अर्धा तेलकट, तसाच तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने डबा उघडला.

"आजोबा कसे खायचे रे?"

"भाकरी कुस्करून."

त्याने भाकरी कुस्करली आणि रंगपटातल्या लाकडी बाकावर बसून सबंध डबा संपवला. बाहेर बस सुटायची घाई चालली होती. मॅनेजर दोनदा दारात येऊन गेला. जेवण झाल्यावर तो स्वतः नळावर गेला, डबा घासून पुसून आणला आणि रिकामा डबा परत देऊ नये म्हणून पडद्यापुढे वाढवलेल्या नारळाचा तुकडा त्यात घातला.

"आजींना काय सांगशील?"

"तुम्ही धडधाकट आहात."

"आणि?"

"आणि तुम्ही आजोबांसारखे दिसत नाही."

"तेच सांग," तो म्हणाला. "अगदी तसंच सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तसेच सांगितले. आजीने ऐकून घेतले. डबा उघडला, खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लावला आणि मग डबा उजेडाकडे धरून आतून निरखून पाहिला.

"कुणी घासला?"

"त्यांनीच."

"मग हे ते नव्हेतच," आजी म्हणाली. "त्यांनी उभ्या जन्मात कधी पाण्याचा तांब्या विसळला नाही!" आणि ती हसू लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. आजोबा गेल्यापासून ती आमच्यादेखत प्रथमच अशी मोकळी रडली. मग उठून ती आईला म्हणाली, "सर, आज मी करते."

पुढे वर्षभराने तोच नट दुसऱ्या एका मालिकेत सावकाराच्या कामात दिसला. गरिबांची घरे लिलावात काढणारा, महापाजी. शेजारच्या बायका आमच्याकडे बसून त्याला बोटे मोडू लागल्या. आजीने त्यांना थांबवले.

"सोंग आहे ते," ती म्हणाली. "माणूस चांगला आहे. डबा घासून पाठवतो."